विटेवरचा पाहुणा



पंढरीचा देव हा मुळात पाहुणा आहे. आपण त्याला राणा म्हणतो, मालक म्हणतो, मायबाप म्हणतो, आणि ते सगळे खरेच आहे. पण कथा काय सांगते ते पहा. तो पुंडलिकाच्या दारी आला तेव्हा त्याला कोणी बोलावले नव्हते, येण्याची वर्दी नव्हती, आणि घरधनी कामात होता. आईबापांचे पाय चेपीत बसलेल्या पुंडलिकाने हाताशी होती ती वीट मागे सरकवली आणि सांगितले, बाबा रे, यावर उभा राहा, माझी सेवा आटोपू दे. पाहुणा उभा राहिला तो अजून उभाच आहे. आपण वर्षातून दोनदा चालत जाऊन ज्याला भेटतो तो कोणाच्या तरी दारात थांबलेला पाहुणा आहे, ही गोष्ट कमरेवरच्या हातांकडे पाहताना आपल्या ध्यानात येत नाही.

हे आज काढण्याचे कारण घडले ते मुंबईच्या उपनगरात. गेल्या कार्तिकात बोरिवलीला एका सप्ताहाची समाप्ती होती आणि काल्याच्या कीर्तनाची सेवा माझ्याकडे आली होती. कीर्तन झाले, हंडी फुटली, काला वाटला गेला, मंडळी पंगतीच्या तयारीला लागली. तेवढ्यात एक माउली पुढे आल्या. साठी उलटलेल्या, गळ्यात तुळशीची माळ, हातात काल्याचा द्रोण तसाच. म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? रागावणार नसाल तर." मी म्हटले, "माउली, काल्याच्या दिवशी कोण रागावतो? विचारा."

त्यांचे मालक रेल्वेत होते, ते जाऊन सहा वर्षे झाली. एक मुलगा पुण्याला, एक परदेशी. स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर तीन खोल्यांचे घर आणि त्यात या एकट्या. पेन्शन येते, पण सोसायटीचा आकार, डागडुजी, औषधे हे सगळे धरून महिनाअखेर जड जाते. शेवटी रिकामी खोली त्यांनी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. कोणी गोरेगावच्या प्रदर्शनाला आलेला व्यापारी, कोणी परीक्षेला आलेली पोर, कोणी गोराईचा विपश्यना पॅगोडा पाहायला आलेला परदेशी माणूस, आणि बरेचसे दवाखान्याच्या कामाने आलेले. रात्री निजायला खोली, सकाळी चहा आणि पोहे, उपमा नाहीतर घावन. "पोरगा म्हणतो, याला बेड अँड ब्रेकफास्ट म्हणतात," माउली सांगू लागल्या, "मी आपली म्हणते, खोली आणि न्याहारी. पण महाराज, पाहुण्याला खाऊ घालायचे आणि त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हे पाप तर नाही ना? अतिथी म्हणजे देव म्हणतात. मग मी देवाच्या हातात बिल ठेवते की काय?"

मंडळी हसली. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज उपनगरांत अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अशी कितीतरी घरे आहेत, त्यांत माळकऱ्यांचीही आहेत, आणि ही टोचणी पुष्कळांना असते.

ज्याच्या येण्याला तिथी नेमलेली नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ जुने लोक सांगतात. या माउलींचा पाहुणा तर आठ दिवस आधी मोबाइलवर तारीख सांगून येतो. किती वाजता येणार, किती वाजता जाणार, सगळे ठरलेले. शब्दावर बोट ठेवले तर तो अतिथी नव्हेच, गिऱ्हाईक आहे. परंतु तारीख कळली म्हणजे माणूस कळला असे थोडेच आहे? दार उघडून समोर पाहीपर्यंत तो अनोळखीच असतो, आणि जी काही परीक्षा आहे ती त्या दार उघडण्याच्या क्षणाची आहे.

राहिली पैशाची गोष्ट. पैशाला शिवू नका असे आपल्या संतांनी कधी सांगितले? गोरोबाकाकांनी मडकी काही फुकट वाटली नाहीत. सावतोबांचा मळा होता, सेना महाराजांचे हजामतीचे काम होते, नरहरी सोनार दागिने घडवीत, आणि तुकोबांचे तर घरच वाण्याचे. धंदा सोडून देव मिळतो असे यांतल्या एकानेही म्हटले नाही. आपण वारीला चालतो तेव्हा दिंडीला भिशी भरतो की नाही? तंबूचे, ट्रकचे, शिध्याचे पैसे कोठून येतात? म्हणून दिंडीची पंगत हॉटेल झाली का? पंढरपुरात तर किती घरांचा संसार आषाढी-कार्तिकीला खोल्या देण्यावर चालतो. एकाच वाड्यात आजोबा उतरत, मग बाप उतरला, आता नातू उतरतो. भाडे दरसाल ठरते, त्यात घासाघीसही होते. आणि निघताना घरची म्हातारी नातवाच्या हातात चुरमुऱ्यांची पुडी ठेवते, त्या पुडीचे पैसे कोणी लावत नाही.

मुंबईचेच सांगायचे तर गिरणगाव आठवा. गिरण्या जोरात होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून एकटे गडी येत. एकेका खोलीत वीसवीस जण, एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उलगडे. जेवायला खाणावळ. खाणावळ चालवणाऱ्या बाया बहुधा कामगारांच्याच घरच्या. महिनाभर वाढायचे आणि पगार झाला की पैसे घ्यायचे. संप लागला की गडी बसून, पण पोट थोडेच बसून राहते? बाया उधारीवर वाढत राहायच्या आणि स्वतः सावकाराकडून व्याजाने पैसे काढायच्या. या बायांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आता मला सांगा, संपाच्या दिवसांत काही न विचारता ताट वाढणारी ती खाणावळवाली महिन्याचे पैसे घेत होती, एवढ्यावरून तिचे पुण्य बुडाले का?

सरकारनेही या कामाला नाव दिले आहे. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आहे, केंद्र सरकारचीही तशीच एक आहे. केंद्राच्या योजनेतली एक अट मला फार आवडली. एक ते सहापर्यंत खोल्या द्या, पण मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे. अट लिहिणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण त्याने नेमके वर्म धरले. किल्ली हातात देऊन निघून जातो तो लॉजवाला. त्याच छपराखाली राहून, पाहुणा खोकला तर ज्याला ऐकू येते, तो यजमान.

येथे पुरुषमंडळींना एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पैठणला नाथांच्या घरी एकदा भर पावसात मध्यरात्री पाहुणे आले. सरपण ओले, चूल पेटेना. तेव्हा नाथांनी आपला पलंग मोडून त्याची लाकडे चुलीत घालायला सांगितली, असे चरित्रात सांगतात. बेड चुलीत गेला आणि ब्रेकफास्ट ताटात आला! आपण नाथांच्या औदार्याचे कीर्तन करतो ते योग्यच आहे. पण त्या रात्री उठून चुलीपुढे कोण बसले? गिरिजाबाई बसल्या. घरोघरी हेच चालले आहे. बोलावणार नवरा, हसून "या, या" म्हणणार नवरा, आणि चादरी धुणार, कांदा चिरणार, पाचला उठून पाणी तापवणार बायको. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, दळण दळले, शेण्या वेचल्या. ज्यांना देवाचे अनुकरण करण्याची हौस आहे त्यांनी येथून सुरुवात करावी.

असो. एवढे सांगून मी उठणार होतो. मंडळीही पंगतीकडे वळली. पण त्या माउली जागच्या हलल्या नाहीत. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून हळूच म्हणाल्या, "महाराज, हे मी चारचौघांत विचारण्यासारखे विचारले. माझे विचारायचे आहे ते वेगळेच."

मग त्यांनी सांगितले. भाद्रपदातली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून नवरा-बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. मुलीच्या हृदयाची तपासणी होती. खोली कोणा नातलगाने फोनवर ठरवली होती. संध्याकाळची वेळ, बाहेर पाऊस, मुलगी बापाच्या खांद्यावर झोपलेली. रिवाजाप्रमाणे यांनी वहीत लिहिण्यासाठी ओळखपत्र मागितले. नाव वाचले. ते मुसलमान होते.

"कार्ड तसेच परत केले," माउली म्हणाल्या, "आणि सांगितले, खोली भरली आहे. खोली माझ्या पाठीमागे उघडीच होती, महाराज. धुतलेली चादर घातलेली दिसत होती. त्या माणसाने ती पाहिली. मी पाहिले की त्याने पाहिली. काही बोलला नाही. 'बरं आई' एवढेच म्हणाला, आणि उतरला. पाऊस थांबेपर्यंत खाली जिन्याच्या पायरीवर बसली होती तिघे. मी गॅलरीतून पाहत होते. नंतर हरिपाठाला बसले. हरिपाठ कसला, नुसते ओठ हालत होते."

मी विचारले, "भीती वाटली का? एकट्या राहता."

"तेच मी स्वतःला सांगते. एकटी बाई आहे, सोसायटीतले काय म्हणतील, माळकऱ्याचे स्वयंपाकघर आहे. पण खरे सांगू? त्या वेळी यातले एकही मनात आले नव्हते. ही कारणे मी नंतर शोधली."

सज्जनहो, इतके खरे बोललेले मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. माझ्याजवळ चटकन द्यायला उत्तर नव्हते. याला कारण आहे, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आषाढीला पंढरपुरात आमची दिंडी उतरली होती. दशमीची रात्र, पाऊस कोसळत होता. दारावर थाप पडली. भिजलेली चार-सहा माणसे होती, एक म्हातारी त्यांत. आमच्यापैकी कोणी तरी ओरडले, "जागा नाही, माउली, पुढे बघा." माउलीच म्हणाला बरे का, तो शब्द सोडला नाही! मी अंथरुणावर जागा होतो. मला ऐकू आले. आणि मी कूस बदलली. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होण्याइतकी जागा त्या खोलीत होती, हे तेव्हाच सिद्ध झाले.

तामिळ देशातल्या वैष्णवांची एक कथा मला त्यानंतर कोणी सांगितली. तिरुक्कोवलूर नावाच्या क्षेत्री अशाच पावसाळी रात्री एक भक्त एका घराच्या चिंचोळ्या देवडीत शिरला आणि आडवा झाला. थोड्या वेळाने दुसरा आला. पहिला म्हणाला, एकाला निजता येते तेथे दोघांना बसता येईल, या. मग तिसरा आला. दोघे म्हणाले, दोघांना बसता येते तेथे तिघांना उभे राहता येईल, या. तिघे अंधारात उभे राहिले, आणि त्यांना वाटू लागले की चौथाही कोणी आत आहे, दाटी करतो आहे. तो देव होता. पोयगै, भूतत्त आणि पेय हे ते तीन आळवार. देव तेथेही उभाच होता, हे ऐकून मला आमच्या त्या खोलीची लाज वाटली. मुंबईच्या माणसाला या कथेचा अर्थ फोडून सांगायला नको. सकाळच्या ८ वाजून १२ मिनिटांच्या लोकलमध्ये तो रोज चौथ्याला जागा करून देतो. घरी आल्यावर मात्र विसरतो.

मी माउलींना म्हटले, आपल्या संप्रदायावर हे ऋण जुने आहे. चोखोबांना देवळात जागा नव्हती. परंतु देव त्यांच्या घरी जेवायला गेला, वाढताना दही सांडले, आणि देवळातल्या मूर्तीच्या पीतांबरावर दह्याचे डाग दिसले, अशी कथा आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. आणि कथा सांगून झाली की चोखोबांच्या नातवा-पणतवांना विचारतो, तुम्ही उतरला कोठे? गळ्यात माळ, हातात टाळ, पायाला फोड, आणि तरीही पंढरीत निजायला हातभर जागा मिळेना, अशा वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांनी १९२० च्या आगेमागे चोखामेळा धर्मशाळा बांधली. धर्मशाळा तर पंढरीत पुष्कळ होत्या! तरी ही वेगळी बांधावी लागली, यात सगळे आले. पुढे बाबांनी पंढरपूरची ती वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. नाशिकला, आळंदीला, देहूला त्यांनी लोकांच्या निवाऱ्याची सोय केली. आणि स्वतःच्या बायकामुलांसाठी घर बांधले नाही. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातलग उतरतात. याच उपनगरात, वांद्र्याला, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे अखेरचे कीर्तन झाले; २० डिसेंबरला त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कीर्तनात प्रश्नच फार असत. मी त्यांच्यासारखे विचारू शकत नाही, पण एक विचारतो: ज्या दारावर आपण "श्री विठ्ठल प्रसन्न" लिहितो, त्या दारातून तो आत येऊ शकेल का?

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपवास केला. विठ्ठलाचे देऊळ सर्वांना खुले व्हावे एवढेच त्यांचे मागणे. विरोध करणाऱ्यांत माळकरीही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या उपवासाला ज्यांनी आपल्या मठात जागा दिली ते तनपुरे महाराजही वारकरीच. पुंडलिकाची वीट त्या वर्षी त्यांनी सरकवली असे मी म्हणतो.

"पण महाराज, हे तर आपले लोक झाले," माउली म्हणाल्या.

मी म्हटले, तर मग देहूहून निघणारी पालखी आठवा. तुकोबांची पालखी निघाली की पहिली थांबते कोठे? अनगडशहा फकिराच्या दर्ग्यापाशी. तेथे अभंग होतो, आरती होते, मग पालखी पुढे जाते. हा फकीर भिक्षेला दारोदार फिरे आणि त्याचा कटोरा कोणाच्याच घरी भरत नसे. तुकोबांच्या दारी आला तेव्हा लेक पुढे झाली, चिमूटभर पीठ घातले, आणि कटोरा भरून सांडला. पोरीने नाव विचारून पीठ घातले नव्हते. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर आपल्या संतमालिकेतच आहेत. त्यांचे नाव भजनात घ्यायचे आणि त्यांच्या नावाचा माणूस दारात आला की खोली भरायची, हे कसे जमावे?

आणि बोरिवली म्हणाल, तर बोरिवलीची परंपरा पंढरीच्या धर्मशाळांहूनही जुनी आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरात कान्हेरीची लेणी तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असतील. शंभरावर लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे हा त्यांचा नेम, आपल्या चातुर्मासासारखाच. त्यांच्यासाठी काळ्या कातळात खोल्या खोदल्या, निजायला दगडाचे ओटे कोरले, दाराशी पाण्याची टाकी केली. तेथल्या लेखांत टाक्याला पोढी म्हणतात. खर्च कोणी केला? कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चौलचे व्यापारी आणि गृहस्थ. त्यांची नावे भिंतींवर आहेत. हे सुमारे हजार वर्षे चालले. पण मला तेथली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. एका लेण्यात पहलवी लिपीत पारशी यात्रेकरूंनी आपली नावे कोरली आहेत, काही १००९ सालची, काही १०२१ सालची. बौद्धांचे लेणे, पाहुणे अग्निपूजक. त्यांनी नाव सांगितले, नुसते सांगितले नाही तर दगडावर कोरून ठेवले, आणि ते नाव हजार वर्षे तेथेच आहे. कोणी तासून काढले नाही.

नाव विचारू नये असे मी म्हणत नाही. काळ वाईट आहे, एकट्या बाईने सावध असावे. ओळखपत्र पाहावे, वहीत लिहावे. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांत सरकारला कळवण्याचा नियम आहे, तो पाळावा. आपल्या खोलीला आतून कडी असावी. कोणी दारू पिऊन आला, अरेरावी केली, तर जिना दाखवावा, त्यात अतिथिधर्म आड येत नाही. पण वहीसाठी विचारलेले नाव दारासाठी वापरू नये.

आणि स्वयंपाकघराचे भय तर पुंडलिकानेच मिटवले आहे. त्याने देवासाठी आपली सेवा मोडली नाही. उठून पाद्यपूजा केली नाही, पंचपक्वान्ने मांडली नाहीत. माझी अडचण ही आहे, माझ्याजवळ हे आहे, असे सरळ सांगितले आणि होती ती वीट दिली. तुमच्या घरी मांस-मासळी चालत नसेल तर तशी पाटी लावा. रात्री दहाला दार बंद होत असेल तर तेही लिहा. जे सगळ्यांना सांगता तेच त्यांनाही सांगा, त्यात कोणाचा अपमान नाही. माउली, पुंडलिकाने देवाला थांबवले, पण खरे सांगून थांबवले. तुम्ही खोटे सांगितलेत, आणि वीटही दिली नाहीत. तुम्हाला झोप येत नाही ती पैशामुळे नाही.

माझे शब्द कठोर होते. त्यांच्या हातातल्या द्रोणातला काला एव्हाना पाणी सुटून पातळ झाला होता. सोसायटीचे काय करायचे, हे मात्र मला सांगता आले नाही. मी बाहेरचा माणूस, कीर्तन करून गाडीत बसणार. शेजारी त्यांचे, लिफ्टमध्ये रोज भेटणारे. ते बळ कोणी दुसऱ्याला देऊ शकत नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आता काय करू?" मी म्हटले, "तो फोन नंबर आहे का?"

नंबर होता.

मार्गशीर्षात त्यांचा मला फोन आला. सांगत होत्या की त्या नातलगाकडून वडिलांचा नंबर घेऊन बोलायला त्यांना पंधरा दिवस लागले. तीनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. शेवटी बोलल्या. खोली भरलेली नव्हती, मी खोटे बोलले, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग तो माणूस म्हणाला, मुलीला पुन्हा तपासायला बोलावले आहे, पण आता आमची दुसरीकडे सोय झाली आहे. या म्हणाल्या, मग मुक्कामाला नको, गावी परतताना सकाळी न्याहारीला या.

ते आले तो एकादशीचा दिवस. घरात उपासाचेच होते, साबुदाण्याची खिचडी आणि दही. माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला, बोलावल्यावर आत आला. बायको त्याहून उशिरा आली. मुलगी मात्र सरळ आत गेली आणि खिचडी दोनदा मागून खाल्ली. मागचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्याने पाकीट काढले. या म्हणाल्या, "अहो, राहू द्या, आज पैसे कसले?" तो म्हणाला, "घ्या, आई. नाही घेतले तर आम्ही पुन्हा यायचे कसे?"

त्यांनी घेतले. ते पैसे देवापुढे ठेवले नाहीत. स्वयंपाकघरातल्या ज्या डब्यात सगळ्या पाहुण्यांचे पैसे पडतात त्याच डब्यात टाकले. आणि वही काढून त्या तारखेपुढे आधी मुलीचे नाव लिहिले, मग आईबापांचे, आणि शेवटच्या रकान्यात, नाश्ता, माणसे तीन.